आपत्काळ व पशुवैद्यकांचें पथक

आर्द्रा नक्षत्र लागून खारींत पऱ्हे हिरवे झाले, कीं अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील शेतकऱ्याचें लक्ष दोन ठिकाणीं लागतें. एक आभाळाकडे व दुसरें गोठ्यांतील जोडीकडे. रोवण्याचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत चिखलणीस बैल किंवा हल्ये मिळाले नाहींत, तर पऱ्हे जून होतात आणि सबंध वर्षाचें धान हातचें जातें. हल्लीं ट्रॅक्टर पुष्कळ झाले आहेत हें खरें. परंतु लहान बांध्यांत जोडीवांचून काम अडतेंच, आणि ज्याच्या घरीं जमीन थोडी, त्याच्या घरीं एक म्हैस किंवा चार शेळ्या हीच काय ती शिल्लक असते. ह्यास्तव पूर, सांथ किंवा वीज ह्यांपैकीं कोणतेंही संकट कोसळलें असतां, माणसें सुखरूप आहेत ना, ह्या प्रश्नामागोमाग गुरांचें काय झालें, हाच दुसरा प्रश्न निघतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यांना द्यावें लागतें, त्या पशुवैद्यकांच्या पथकाची तयारी कशी असते व कशी असावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें पथक म्हणजे कोण तें पाहूं. गुरांच्या दवाखान्यांत पशुधन विकास अधिकारी हा मुख्य. त्याच्या हाताखालीं पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक व परिचर अशीं माणसें असतात. एका दवाखान्याकडे अनेक गांवें, आणि त्या गांवांचे रानांत दूरदूर पसरलेले टोले. साध्या दिवसांतही हीं माणसें अपुरीं पडतात. मग नाले चढून रस्ते तुटले असतां प्रत्येक गोठ्यापर्यंत डॉक्टर पोंचेल अशी अपेक्षा कोणी करावी? आपत्तीच्या दिवशीं पथकाच्या हातून जें कार्य होतें, त्याचा मोठा भाग आधींच्या दोन-तीन महिन्यांतच उरकलेला असतो, किंवा उरकावयाचा राहून गेलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील मजकूर सहज उमजेल.

उदाहरणार्थ, घटसर्प हा रोग घ्या. पावसाळ्याच्या आरंभीं, दमट हवेंत, उन्हाळ्यानें अशक्त झालेल्या गुरांवर हा रोग झडप घालतो. त्यांतही म्हशींवर विशेष. अंगांत प्रखर ताप येतो, गळा सुजतो, श्वास घेतांना घरघर ऐकूं येऊं लागते, आणि कित्येकदां सकाळीं चरावयास गेलेलें जनावर दुसरा दिवस पाहत नाहीं. वैद्यास बोलावून आणीपर्यंत खेळ संपलेला असतो. ह्या रोगावर लस आहे व ती गुणकारीही आहे. परंतु लस टोंचल्यापासून अंगांत प्रतिकारशक्ति उत्पन्न होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पूर ओसरल्यावर चिखलांत उभें राहून टोंचलेली लस त्या पुरामागून येणाऱ्या सांथीस उशीरा पोंचते. तीच मे महिन्यांत, वा मृगाच्या आधीं, कोरड्या आखरावर टोंचली असतां वेळेवर पोंचते. फऱ्या रोगाचीही हीच गोष्ट. त्याचे बीजाणू जमिनींत वर्षानुवर्षे दडून असतात, आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या धष्टपुष्ट वासरांस तो गांठतो. मांडीवर सूज येऊन ती दाबली असतां कुरकुर असा आवाज होतो. पुष्कळ पालक म्हणतात, ‘जनावर ठणठणीत आहे, उगाच सुई कशाला? दूध आटेल.’ लसीनंतर एखाददोन दिवस दूध किंचित् कमी होतें हें खरें; परंतु त्या दोन शेर दुधाच्या हिशेबांत सबंध म्हैस गमावण्याचा व्यवहार कोणत्या अंकगणितांत बसतो, हें विद्यार्थ्यांनींच घरीं सांगावें.

लस वेळेवर आणणें एवढ्यानें भागत नाहीं. ती जिवंत किंवा गुणवान् स्थितींत सुईपर्यंत पोंचली पाहिजे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस एवढ्या थंडाव्यांत ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणीं, तेथून तालुक्याला, तेथून बर्फाच्या पेटींतून टोल्यावर, अशी ही थंडाव्याची सांखळी असते. तिची एक कडी तुटली तर बाटली दिसावयास तशीच राहते, पण आंतील गुण गेलेला असतो. आणखी एक नवल असें, कीं घटसर्प व लाळ्या-खुरकुत ह्यांच्या लसी उन्हानें बिघडतात तशा गोठल्यानेंही बिघडतात. म्हणून बर्फाच्या खड्यांत बाटली थेट पुरून ठेवणारा उत्साही मदतनीस नुकसानच करितो. वादळांत वीज गेली तर शीतकपाटाचें दार कितीदां उघडावयाचें, बर्फ कोठून आणावयाचा, जवळच्या कोणत्या ठिकाणीं जनित्र आहे, हें आधीं लिहून ठेवलेल्या दवाखान्यांत व न लिहिलेल्या दवाखान्यांत त्या रात्रीं फार अंतर पडतें.

पूर्वतयारीनें काय साधतें ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. बुळकांडी ह्या रोगाचें नांव आजच्या मुलांनीं ऐकलेंही नसेल. त्यांच्या पणजोबांस विचारतां आलें असतें, तर ते त्या नांवानेंच दचकले असते. हा रोग शिरला कीं गांवचे गोठे ओस पडत. तपासाकरितां सरकारनें नेमलेल्या मंडळानें १८७१ सालीं आपला अहवाल दिला; पुढें १८८९ सालीं पुण्यास जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली, कारण असल्या सांसर्गिक रोगाचें विष हाताळण्यास वस्तीपासून दूर व थंड जागा हवी होती. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था होय. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं देशभर बुळकांडीविरुद्ध लस टोंचण्याची मोहीम सुरू झाली. ती एका वर्षांत किंवा दहा वर्षांत संपली नाहीं. चाळीस वर्षें चालली. गांवोगांवचे गोठे पायांखालीं घालणाऱ्या टोंचणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत नाहींत. भारतांतील शेवटचा रुग्ण १९९५ सालीं आढळला. त्यापुढें लस थांबवून केवळ पहारा ठेवण्यांत आला. कोठें एखादें जनावर संशयास्पद रीतीनें आजारी पडलें तर त्याची चौकशी करावयाची, हें काम कित्येक वर्षें नेटानें केलें गेलें. २०११ सालीं सबंध जगांतून हा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. माणसांतील देवीच्या रोगानंतर मनुष्यानें समूळ उपटून टाकलेला हा दुसराच रोग आहे.

ह्या अनुभवाची परीक्षा नुकतीच २०२२ सालीं झाली. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें जळगाव जिल्ह्यांत गाईबैलांच्या अंगावर गांठी उठविणाऱ्या लम्पी चर्मरोगानें डोकें वर काढलें व तो पाहतां पाहतां महाराष्ट्रभर पसरला. चावणाऱ्या माश्या, डांस व गोचीड ह्यांच्या मार्फत हा रोग एका जनावरापासून दुसऱ्याकडे जातो. ह्या रोगाची स्वतंत्र लस तेव्हां बाजारांत नव्हती. परंतु शेळ्यांच्या देवीचा विषाणु हा त्याचा जवळचा नातलग असल्यामुळें शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोंचण्यांत आली, आणि कांहीं महिन्यांत राज्यांतील एक कोटीहून अधिक जनावरांस ती मिळाली. गुरांचे बाजार बंद ठेवण्यांत आले, ने-आण थांबविण्यांत आली, व पशुवैद्यक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचेंही साह्य घेण्यांत आलें. हजारों जनावरें मेलीं, ही गोष्ट लपविण्याजोगी नाहीं. तथापि ह्या प्रसंगीं जी पद्धति वापरली जाते ती समजून घेण्यासारखी आहे. ज्या गांवांत रोग निघाला, त्याच्या सभोंवतीं कांहीं मैलांचें वर्तुळ कल्पून टोंचणारें पथक बाहेरच्या कडेपासून आंत येतें. आंतून बाहेर जात नाहीं. कारण पथकाच्या बुटांवरून, कपड्यांवरून व सुयांवरून रोगच पुढच्या गांवीं जाण्याची भीति असते. प्रत्येक जनावरास निराळी सुई, हा नियमही त्यासाठींच. ज्या गांवीं शेजारचें आजारी जनावर पाहावयास गर्दी करून लोक आपल्या गोठ्यांत परतले, तेथें रोगास पाहुणचार झाला म्हणावयाचा.

आतां पुराकडे वळूं. आपला तालुका पाण्याचा. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय, इटियाडोहाचें धरण, गांवोगांवच्या बोड्या व मामा तलाव; आणि गाढवी नदी ही इटियाडोहाखालून वाहत जाऊन पुढें वैनगंगेस मिळते. पुराचें एक वैशिष्ट्य असें, कीं आपल्या डोक्यावर पाऊस नसतांही तो येऊं शकतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशांत अतिवृष्टि झाली, संजय सरोवर धरणाचें पाणी वैनगंगेंत आलें, आणि खालीं गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील नदीकांठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरलें. अशा वेळीं धरणावरून सुटलेलें पाणी आपल्या गांवाला पोंचण्यास कांहीं तास लागतात. ते तास हीच पशुवैद्यकाची संपत्ति. इशारा आला त्याच घटकेस गुरें कोणत्या वाटेनें, कोणत्या उंच जागीं न्यावयाचीं हें ठरलेलें असेल, तर तेवढा वेळ पुरतो. तें ठरविण्यासाठीं सभा भरवावी लागली, तर पुरत नाहीं.

पुरांत गुरें कां बुडतात? त्यांस पोहतां येत नाहीं म्हणून नव्हे. म्हैस तर पाण्यांतलेंच जनावर, आणि गायबैलही चांगले पोहतात. तीं बुडतात तीं दाव्यास बांधलेलीं असतात म्हणून. रात्रीं पाणी चढतें, घरचीं माणसें मुलांबाळांस घेऊन धांवत सुटतात, आणि खुंट्याशीं दीड हाताचें दावें तसेंच राहतें. न्यावयास वेळ नसेल तर निदान सोडून तरी द्यावें. गांठ ओली होऊन सुटेनाशी झाली तर कापावें, आणि त्याकरितां पावसाळाभर गोठ्याच्या वळचणीस एक धारेचा विळा खोंचलेला असावा. सुटलेलीं गुरें बहुधा कोठें तरी उंचावर सांपडतात. मात्र तलावाची पाळ ही उंच जागा समजूं नये. पाळ मातीची असते, व पाण्याच्या जोरानें फुटते ती प्रथम पाळच.

ह्या विषयाची दुसरी बाजू माणसांच्या जिवाशीं निगडित आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांस महापूर येऊन सांगली-कोल्हापूरकडील शेंकडों गांवें वेढलीं गेलीं. तिकडे दुभत्या म्हशींवर घरें चालतात. नाव दाराशीं आली तरी म्हशींस टाकून येण्यास अनेकांनीं नकार दिला, व गच्चीवर, माळ्यावर तीं कुटुंबें अडकून पडलीं. त्यांस हट्टी म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याची सारी जिनगी दावणीला उभी आहे, त्यानें दुसरें काय करावें? पुढें जुलै २०२१ मध्यें तिकडे पुन्हा पूर आला, तेव्हां शिरोळ तालुक्यांतील पुष्कळ लोकांनीं पाणी चढण्याची वाट न पाहतां आपलीं जनावरें आधींच बाहेर काढलीं. गुरांची सोय आधीं केली म्हणजे माणसें आपोआप निघतात, हें ज्ञान आतां आपत्ति-व्यवस्थापन करणाऱ्या सर्वांसच पटूं लागलें आहे.

पवित्र शास्त्रांतील नोहाची कथा आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तारवांत प्राण्यांच्या जोड्या घेतल्या, एवढें सर्वांस आठवतें. परंतु त्याच आज्ञेंत स्वतःसाठीं व त्या प्राण्यांसाठीं अन्न सांठवून घेण्यासही सांगितलें होतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. गुरांची छावणी उघडणें सोपें, चालविणें कठीण. मोठ्या जनावरास नुसतें जगण्यापुरतें दिवसाला पांच-सहा किलो कोरडें वैरण व तीस-चाळीस लिटर पाणी लागतें. शंभर जनावरांच्या छावणीस म्हणजे रोज पांच-सहा क्विंटल तणस व तीन-चार हजार लिटर स्वच्छ पाणी! आपल्या धानाच्या मुलुखांत तणसास तोटा नाहीं. परंतु ढीग सखल जागीं रचला तर पुरांत जनावरांच्या आधीं तोच वाहून जातो. भिजून बुरशी चढलेलें तणस कोणी खाऊं घालूं नये. बुरसट तणसापासून पंजाबकडे म्हशींस देगनाला नांवाचा रोग होतो, व त्यांत शेपटी, कान व पाय सडतात. तसेंच, तीन-चार दिवस उपाशी राहिलेल्या जनावरापुढें दयेपोटीं कोणी घमेलेंभर भात किंवा पीठ ठेवतो. ती दया घातक ठरते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटांत असंख्य सूक्ष्म जीव असतात व तेच त्याचें अन्न पचवितात. उपासानें त्यांची व्यवस्था विसकटलेली असते. अशांत एकाएकीं पिठूळ अन्न पडलें कीं पोटांत आम्ल माजतें व वांचलेलें जनावर खाऊन मरतें. प्रथम पाणी, मग थोडें कोरडें तणस, आणि आंबोण हळूहळू, हाच क्रम योग्य.

उलट पुरानंतर फुटलेला कोंवळा ओला चारा अधाशीपणानें खाऊन पोट फुगतें. अशा वेळीं पशुवैद्य डाव्या कुशींत नळीदार सुळा खुपसून कोंडलेला वायु बाहेर काढतो. पाहणारास तें क्रौर्य वाटतें. परंतु पहिलें मोठें पोट डाव्या अंगास असतें, व दुसऱ्या कोणत्याही उपायास त्या घटकेस वेळ नसतो. हें हत्यार पथकाच्या पिशवींत असावेंच. तिच्यांत आणखी काय असावें ह्याची लांबलचक यादी मी देत नाहीं. जखमा धुण्याचें व अळ्या मारण्याचें औषध, सलाइन, मजबूत दोर व रुंद पट्टे, विजेरी, रबरी बूट व हातमोजे, एवढें तरी हवें. पट्टे अशासाठीं, कीं उन्हाळ्यांत आटत्या बोडीच्या गाळांत रुतलेल्या गाईस लोक गळ्याला दोर बांधून ओढतात व बाहेर काढतां काढतां तिला गळफास देतात. पट्टा छातीखालून व मांड्यांमागून घालावयाचा असतो. सर्पदंशावरील प्रतिविषही जवळ असावें. पाणी चढलें कीं साप व गुरें एकाच उंचवट्यावर आश्रयास येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांवर चालणारें जें औषध माणसांस देतात, तेंच जनावरांसही चालतें.

मेलेल्या जनावराची व्यवस्था हा पथकाच्या कामाचा अप्रिय पण फार महत्त्वाचा भाग होय. आपल्याकडे पिण्याचें, धुण्याचें, शिंगाड्याचें व मासळीचें पाणी एकाच तलावांत असतें. म्हणून तलावाच्या किंवा विहिरीच्या चढावर शव पुरणें म्हणजे सबंध गांवास आजार वाटणें होय. सहा फूट खोल खड्डा, वर चुना, व भोंवतीं कांटे, कीं ज्यायोगें कुत्रीं-कोल्हीं उकरणार नाहींत. जनावर एकाएकीं मेलें असेल व नाकातोंडांतून काळसर, न गोठणारें रक्त वाहत असेल, तर तें कोणीही फाडूं नये, त्याचें कातडें काढूं नये. ती काळपुळी असण्याचा संभव असतो. तिचे बीजाणू हवा लागतांच कवच धारण करून जमिनींत कित्येक दशकें जिवंत राहतात, आणि हा रोग माणसांसही होतो. अशा शवाचें विच्छेदन पशुवैद्यही करीत नाहीं. कानाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब कांचेवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो.

विजेविषयीं थोडें सांगतों. झाडाखालीं उभा असलेला कळपच्या कळप एका क्षणांत मेल्याच्या बातम्या आपल्या भागांत दरवर्षीं ऐकूं येतात, आणि लोक त्यास दैवाचा कोप समजतात. झाडावर वीज पडली म्हणजे ती जमिनींतून चोहोंकडे पसरते व बुंध्यापासून दूर जावें तसतसा तिचा जोर उतरत जातो. गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत चार-पांच फुटांचें अंतर. त्या दोन जागांच्या जोरांत जो फरक, तो तिच्या छातीमधून वाहतो, व हृदय वाटेंतच असतें. माणसानें पाय जुळवून बसावें असें सांगतात तें ह्याच कारणानें. गाईस तें सांगतां येत नाहीं. म्हणून गुराखी, ज्यास आपण गायकी म्हणतों, त्यानें गडगडाट ऐकतांच कळप एकट्या उंच झाडापासून व तारेच्या कुंपणापासून दूर न्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ नांवाचें ॲप जवळपास वीज पडण्याचा संभव आधीं कळवितें. गायक्याच्या खिशांत हल्लीं मोबाइल असतोच. त्यांत हें ॲप घालून देण्याचें काम वरच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी करूं शकेल.

शेवटीं कागदाची गोष्ट. जनावराच्या कानांत जो पिवळा बिल्ला ठोकतात, त्यावर बारा अंक असतात. तो गाईला शोभेसाठीं घातलेला नसून ती तिची ओळख आहे. पुरांत सुटून गेलेली गाय कोणाची, तिला लस मिळाली होती कीं नाहीं, मेली असेल तर भरपाई कोणास, हें त्यावरून ठरतें. केंद्र शासनानें २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या वर्षांकरितां ठरविलेल्या दरांप्रमाणें नैसर्गिक आपत्तींत मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये, वासरास २०,००० रुपये व शेळी-मेंढीस ४,००० रुपये असें साह्य होतें. त्यासाठीं तलाठ्याचा पंचनामा व मृत्यूचें कारण सांगणारा पशुवैद्याचा दाखला लागतो. दुःखाच्या भरांत शव घाईनें पुरून टाकलें व नंतर अर्ज केला, असें पुष्कळदां घडतें. मग दाखला कोणी व कशावरून द्यावा? पुरण्यापूर्वीं कळवावें, व बिल्ला दिसेल असें छायाचित्र घेऊन ठेवावें.

कळविण्यासाठीं १९६२ हा क्रमांक आहे; त्यास पैसे पडत नाहींत. फोन घरांतील शिकलेल्या मुलासच बहुधा लावावा लागतो, म्हणून काय सांगावें तें त्यानें आधीं ध्यानांत घ्यावें. गांव व टोला, वाटेंत कोणता नाला लागतो व तो सध्यां उतरतां येतो कीं नाहीं, जनावर कोणतें व किती वयाचें, केव्हांपासून आजारी, ताप, सूज, रक्त ह्यांपैकीं काय दिसतें, गांवांत आणखी किती जनावरें तशीं आहेत, आणि बिल्ल्यावरचे बारा अंक. एवढें नीट कळलें, तर पथक निघण्यापूर्वींच योग्य ती लस, योग्य तें औषध व जरूर तर नाव बरोबर घेऊं शकतें.